जर्मनीत मास्टर्सला येताय? आधी पत्त्याचं बघा, मग कुकरचं

ऑक्टोबर जवळ आला की इथल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न चालू होतात, कुकर आणू का, जॅकेट तिकडून घेऊ की इकडून, फोरेक्स कार्ड कुठलं बरं, आणि ज्या प्रश्नाने खरंच झोप उडायला हवी तो फार कमी जण विचारतात, की उतरल्यावर माझं नाव कुठल्या दारावर लागणार आहे? म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, आपल्या पुणे-मुंबई-नागपूर-कोल्हापूरकडून पहिल्यांदाच घर सोडून येणाऱ्या पोरापोरींसाठी. एपीएस सर्टिफिकेट (आपल्या भारतातल्या डिग्री-मार्कशीटच्या पडताळणीचं), ॲडमिशन, व्हिसा हे झालंय किंवा होत आलंय असं धरून चालते, त्याची माहिती भरपूर मिळते. त्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने कसे काढायचे त्याबद्दल बोलू.

इथे सगळा कारभार कागदावर आणि पोस्टाने चालतो, आणि त्यातला पहिला कागद म्हणजे पत्त्याची नोंदणी, ज्याला सगळे आनमेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत बुर्गरआम्टमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात जाऊन ती करायची असते. ही झाली की टॅक्स आयडी आपोआप पोस्टाने घरी येतो, बऱ्याच बँका खातं उघडतात, पुढे रेसिडेन्स परमिटचं काम हलतं. ही नसेल तर यातलं प्रत्येक काम कुठे ना कुठे अडतं, आणि टॅक्स आयडीशिवाय पार्टटाइम नोकरी लागलीच तर पगारातून जास्तीचा टॅक्स कापला जाऊ शकतो, तो नंतर परत मिळतो पण वर्षभराने रिटर्न भरल्यावर.

या नोंदणीसाठी पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही केलेला एक कागद लागतो, की हो, ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते. त्याचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, पाठ करायची गरज नाही पण फोनमध्ये लिहून ठेवा, कारण भाड्याचा करार वेगळा आणि हा कागद वेगळा, नुसता करार नेला तर काउंटरवरून परत पाठवतात. हा कागद देणं घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे. पण पर्यटकांचं हॉस्टेल, हॉटेल, चार आठवड्यांची एअरबीएनबी खोली, मित्राच्या खोलीत गादी टाकून राहणं, यात तो सहसा मिळत नाही, आणि म्हणूनच "आधी उतरू, मग तिकडे जाऊन शोधू" हा विचार कृपा करून करू नका. तात्पुरती जागा घ्यायची वेळ आलीच, आणि ती बऱ्याच जणांवर येते, तर त्सविशनमिटं बघा, म्हणजे कोणीतरी सेमिस्टरभर बाहेरगावी चाललंय आणि आपली खोली तेवढ्यापुरती भाड्याने देतंय, आणि पहिल्याच मेसेजमध्ये विचारा की इथे आनमेल्डुंग करता येईल ना. नाही म्हणाले तर कितीही छान खोली असू दे, पुढची बघा.

बर्लिनसारख्या मोठ्या शहरात अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तर भारतातूनच ऑनलाइन बुक करून ठेवा. सकाळी लवकर साइट उघडली की रद्द झालेल्या वेळा दिसतात कधीकधी. चौदा दिवसांनंतरचीच तारीख मिळाली तर ती घ्या आणि बुकिंगचा मेल जपून ठेवा, तुम्ही प्रयत्न केला होता हे त्यातून दिसतं.

फॉर्ममध्ये धर्माचा एक रकाना असतो. आपल्यातल्या बहुतेकांना त्याचा काही फरक पडत नाही, पण वसई किंवा गोव्याकडच्या कॅथलिक मुलामुलींनी आणि इतर ख्रिश्चन विद्यार्थ्यांनी हे माहीत करून घेऊनच जावं, की तिथे चर्चची नोंद झाली की पुढे पगारावर इन्कम टॅक्स लागायला लागला की त्याच्या ८ किंवा ९ टक्के चर्च टॅक्सही कापला जातो. कोणाला तो द्यायचाच असेल तर उत्तमच, पण माहीत नसताना कापला जाऊ नये.

आणि नोंदणी झाल्यावर घरी आलात की त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही, तळमजल्यावरच्या पोस्टाच्या पेटीवर आणि बेलवर तुमचं आडनाव चिकटवा. इथे इमारतीत फ्लॅट नंबर नसतात बऱ्याचदा, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव असेल तर तुमचा टॅक्स आयडी, बँकेचं कार्ड, इन्शुरन्सचं कार्ड सगळं "पत्त्यावर सापडले नाही" म्हणून परत जातं, आणि आपण तीन आठवडे वाट बघत बसतो. साध्या कागदावर पेनने लिहून सेलोटेप लावली तरी चालतं. खोली दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्या नावाखाली आपलं लावायचं.

नावावरून आठवलं, आपल्याकडे मराठी माणसाच्या पासपोर्टवर नावाच्या जागी स्वतःचं आणि वडिलांचं नाव दोन्ही असतं, आणि मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, काही ठिकाणी आईचंही. इथे हे कोणालाच कळत नाही. त्यामुळे युनिव्हर्सिटी, बँक, इन्शुरन्स, आनमेल्डुंग, विमानाचं तिकीट, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच आणि तेवढंच लिहा, वडिलांचं नाव एका ठिकाणी गाळलं आणि दुसऱ्या ठिकाणी घातलं की दोन वेगळी माणसं समजून फाइल अडकते.

खोली शोधताना

ॲडमिशनचं लेटर हातात पडलं की पहिलं काम, व्हिसाच्याही आधी, त्या शहरातल्या श्टुडिरेंडनवेर्कच्या हॉस्टेलसाठी अर्ज. ही सरकारी स्वरूपाची विद्यार्थी सेवा संस्था असते, हॉस्टेल आणि मेन्झा म्हणजे कॅन्टीन हेच चालवतात, आणि बाहेरच्या मानाने भाडं बरंच कमी असतं. म्युनिकसारख्या ठिकाणी वेटिंग लिस्ट काही सेमिस्टरांची असते, तरी नाव घालून ठेवा, दुसऱ्या वर्षी का होईना मिळते. बाकी डब्ल्यूजी, म्हणजे फ्लॅट शेअर करून प्रत्येकाची स्वतंत्र खोली. डब्ल्यूजी-गेझुख्ट नावाची साइट आहे त्यावर बहुतेक सगळे शोधतात. तिथे "हाय, आय ॲम इंटरेस्टेड" एवढा मेसेज टाकून उत्तराची वाट बघू नका, एका खोलीला शंभरेक मेसेज येतात आणि त्या घरात राहणारे लोकच ठरवतात कोणाला घ्यायचं. तुम्ही कोण, काय शिकायला येताय, स्वयंपाक आवडतो का, किती काळ राहणार, हे पाच-सहा ओळींत लिहा, त्यातल्या दोन ओळी जर्मनमध्ये असू द्या, आणि त्यांच्या जाहिरातीतल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोला म्हणजे कळतं की वाचून लिहिलंय.

भाडं सांगताना काल्टमिटं आणि वार्ममिटं असे दोन आकडे असतात, पहिल्यात नुसती जागा, दुसऱ्यात हीटिंग-पाणी वगैरे धरून. आपण नेहमी दुसरा आकडा बघायचा आणि त्यात वीज आणि इंटरनेट आहे का ते वेगळं विचारायचं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटंएवढं असू शकतं, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता फसवणुकीबद्दल, कारण दरवर्षी कोणाचे ना कोणाचे आईवडिलांचे पैसे यात जातात आणि फार वाईट वाटतं. पद्धत जवळजवळ तीच असते. शहराच्या मधोमध सुंदर फ्लॅट, भाडं निम्म्याने कमी, मालक फार गोड बोलतो, तो सध्या लंडनला किंवा नॉर्वेला कामासाठी असतो म्हणून दाखवायला येऊ शकत नाही, किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणतो, आणि विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या पासपोर्टचा फोटोही पाठवतो, जो दुसऱ्याच कोणाचातरी चोरलेला असतो. मग एक लिंक येते, हुबेहूब एअरबीएनबी किंवा बुकिंगसारखी दिसणारी, की इथे डिपॉझिट भरा, पसंत नाही पडलं तर परत. भरलं की संपलं. व्हिडिओ कॉलवर फ्लॅटमध्ये फिरून, खिडकीतून रस्ता दाखवायला सांगा, जो खरा असतो तो दाखवतो. त्या शहरातला कोणी सीनियर, किंवा मराठी मंडळाच्या ग्रुपमधलं कोणी प्रत्यक्ष जाऊन बघून येईल का ते विचारा. विचारायला लाजू नका, मोठ्या शहरांत आपली माणसं आहेत, आणि असं अर्ध्या तासाचं काम लोक आनंदाने करतात. करार सही होऊन हातात आल्याशिवाय आणि कोणीतरी जागा बघितल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही, मग समोरचा कितीही घाई करू दे, "अजून चार जण तयार आहेत" म्हणू दे.

किल्ली हातात घेताना खोलीचे फोटो काढा. भिंतीवरचा डाग, टेबलावरचा ओरखडा, बाथरूमच्या टाइलची चीर, सगळं, आणि ते हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्या. निघताना तोच कागद तुमचं डिपॉझिट वाचवतो. आणि हाफ्टफ्लिष्ट नावाचा एक इन्शुरन्स असतो, आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरतो, वर्षाला अगदी थोडे पैसे पडतात, तो घेऊनच टाका, पण त्यात भाड्याच्या घराच्या किल्ल्या हरवणं धरलंय का ते बघून. हॉस्टेलची एक किल्ली हरवली की कधीकधी अख्ख्या इमारतीची कुलुपं बदलायची पाळी येते आणि तो खर्च हजारांत जातो.

पैसे

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी राहण्याचा खर्च दाखवायला उघडतात त्या खात्यात, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. हे पैसे तुमचेच असले तरी एकदम काढता येत नाहीत, ही गोष्ट घरच्यांना नीट समजावून सांगा, कारण पहिल्या महिन्यात डिपॉझिट, पहिलं भाडं, सेमिस्टर फी, गादी-उशी-भांडी असा सगळा खर्च एकत्र अंगावर येतो आणि तो ९९२ मध्ये बसत नाही. शिवाय इथे आल्यावर ते अकाउंट ॲक्टिव्हेट करायला आणि साधं बँक खातं जोडायला दिवस जातात. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, फोरेक्स कार्डवर आणि थोडे रोख, असे निदान दीड-दोन महिन्यांचे पैसे अधिक डिपॉझिट, एवढी वेगळी सोय हवीच. एज्युकेशन लोन असेल तर बँकेला आधीच सांगा की राहण्याच्या खर्चाचा हप्ता कधी लागेल.

सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही हे खरं, पण सगळीकडे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहं, हायडेलबर्ग वगैरे, युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि टीयू म्युनिकने, म्हणजे तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने, २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून नव्या विद्यार्थ्यांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,०००. आणि एजंट जर एखाद्या खासगी युनिव्हर्सिटीचंच नाव पुढे करत असेल, आयईएल्टीएस नको, काही नको, लगेच ॲडमिशन, तर त्याला तिथून कमिशन मिळतं का हे सरळ तोंडावर विचारा.

हेल्थ इन्शुरन्स तिशीच्या आतल्यांनी सरकारी प्रकारातलाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, टीके, एओके, बार्मर कुठलाही, महिन्याला साधारण दीडशे युरोच्या आसपास जातात. स्वस्त खासगी पॉलिसीच्या मोहात पडून एकदा सरकारीतून सूट घेतली की ती शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही, आणि मग दाताचं किंवा पाठीचं काही निघालं की आधी खिशातून भरा, मग क्लेम करत बसा.

नोंदणीनंतर महिनाभरात एक पत्र येतं रेडिओ-टीव्हीच्या फीचं, महिना १८.३६ युरो. माझ्याकडे टीव्हीच नाही म्हणून ते कचऱ्यात टाकायचं नाही, टीव्ही असो नसो, ती घरामागे लागते. फ्लॅटमध्ये आधीच कोणी भरत असेल तर त्याचा या फीचा खातेनंबर पत्राच्या उत्तरात कळवा आणि आपापसांत वाटून घ्या. इथे कुठल्याही सरकारी पत्राला उत्तर दिलं नाही की दंड चढू शकतो, जर्मन कळत नसेल तर फोनने ट्रान्सलेट करा पण त्याच दिवशी वाचा.

बॅग आणि स्वयंपाकघर

आता कुकर. आणा, नक्की आणा, पण सपाट बुडाचा आणि इंडक्शनवर चालणारा, कारण इथे गॅसची शेगडी क्वचितच दिसते, काचेच्या हॉटप्लेट किंवा इंडक्शनच असतात. दोन जास्तीच्या रिंगा आणि एक शिट्टी आणा, त्या इथे मिळत नाहीत पटकन. मिक्सर चालतो, व्होल्टेज सारखंच आहे, फक्त आपली जाडी पिन इथल्या सॉकेटमध्ये जात नाही, ॲडॅप्टर लागतो. पण रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते आणि रविवारी दिवसभर, तेव्हा मिक्सर लावून चटणी वाटायची नाही, शेजारी खरंच येऊन सांगतात.

साजूक तूप, पेढे, श्रीखंड, खवा, पनीर, मांसाचं काहीही आणायचं नाही. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, आईने कितीही प्रेमाने बांधून दिलं तरी, कस्टमने पकडलं तर जातं. आंबे, ताजा कढीपत्ता हेही नको. मसाले, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, सुकी चटणी, पोहे, पापड याला काही अडचण नाही. तुपाची काळजी नको, कुठल्याही सुपरमार्केटमध्ये बुटरश्माल्झ मिळतं, ते जवळजवळ तूपच. आणि क्वार्क नावाचा दह्यासारखा घट्ट प्रकार मिळतो, त्यात पिठीसाखर, केशर, वेलची घातली की चक्का बांधायची गरजच नाही, दसऱ्याला इथल्या निम्म्या मराठी घरांत श्रीखंड असंच होतं. मैद्यासारखं पीठ ४०५ नंबरचं, पोळ्यांना ते घेऊ नका, तुर्की किंवा भारतीय दुकानातला आटा घ्या. कोथिंबीर, मिरच्या, भेंडी, वांगी पण तुर्की दुकानातच चांगली आणि स्वस्त मिळतात. दुकानं रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद, स्टेशनवरची चार सोडली तर, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड बघून घ्यायचं. ३ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी आहे, नेमके तेव्हाच बरेच जण उतरतात आणि घरात काही नसतं.

फोडणी देताना खिडकी पूर्ण उघडा. हॉस्टेलमध्ये स्मोक अलार्म थेट फायर ब्रिगेडला जोडलेला असेल तर गाडी येते आणि तिचं बिल तुमच्या हातात येऊ शकतं. खिडकी तशीही रोज दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं सताड उघडायची असते, थंडीतसुद्धा, नाहीतर कुकरच्या आणि अंघोळीच्या वाफेने भिंतीवर काळी बुरशी धरते आणि मालक ती डिपॉझिटमधून कापतो. कचरा वेगवेगळा टाकायचा, प्लास्टिकची पॅकिंग, कागद, ओला आणि उरलेला, कुठल्या रंगाची पेटी कशाची ते शहराप्रमाणे थोडं बदलतं, रूममेटला पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पाण्याच्या-कोकच्या प्लास्टिक बाटल्या मात्र टाकू नका, बहुतेकींवर २५ सेंट आधीच घेतलेले असतात, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घातल्या की परत मिळतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

जाड जॅकेट तिकडून आणून बॅग भरू नका, इथे येऊन घ्या, आतले थर्मल आणा. चष्मा असेल तर एक जास्तीचा, दातांचं काम करूनच निघा. रोजच्या गोळ्या असतील तर तीन महिन्यांपर्यंतच्या, इंग्लिश प्रिस्क्रिप्शनसकट. परमिटसाठी पासपोर्ट फोटोंचा गठ्ठा आणायची गरज नाही आता, २०२५ पासून इथे डिजिटल फोटोच लागतो आणि तो इथेच काढायचा असतो. ओरिजिनल मार्कशीट, डिग्री, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, इन्शुरन्स हे सगळं केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही.

कॉलेज चालू झाल्यावर

लेक्चरला हजेरी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, मधल्या युनिट टेस्ट नाहीत, टर्मवर्क नाही, कोणी विचारायला येत नाही, आणि इथेच आपली हुशार मुलंसुद्धा घसरतात. बऱ्याच विषयांत शेवटी एकच परीक्षा, तीच सगळे मार्क ठरवते. एका सेमिस्टरला साधारण ३० क्रेडिट्स धरलेले असतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास, म्हणजे घरी बसून करायचा भाग लेक्चरपेक्षा किती मोठा आहे ते बघा. पहिल्या सेमिस्टरला सगळे विषय उचलायची गरज नाही, भाषा, थंडी, घर हे सगळं एकदम अंगावर असतं, तर एखादा विषय कमी घेतलेला परवडतो.

दोन गोष्टी कॅलेंडरमध्ये लाल रंगात टाका. परीक्षेसाठी पोर्टलवर वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं आणि त्याची खिडकी ठरावीक दिवसच उघडी असते, कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला बसलात असं नाही. आणि तयारी नसेल तर नाव मागे घ्यायची पण शेवटची तारीख असते, ती उलटल्यावर न जाता घरी बसलात तर नापास धरतात. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन सर्टिफिकेट घ्यायचं आणि लगेच ऑफिसला पाठवायचं. आपल्याकडच्या केटीची सवय इथे महागात पडते, एका विषयाला साधारणपणे तीनच प्रयत्न असतात, आणि सक्तीच्या विषयात शेवटच्यातही नापास झालं तर त्या कोर्समधून बाहेर, आणि तोच कोर्स जर्मनीतल्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीतही करता येत नाही. व्हिसा याच शिक्षणावर असतो. घाबरवायला सांगत नाहीये, पण पहिल्याच प्रयत्नात "बघू, अनुभव घेऊ" म्हणून बसायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

जुने पेपर फाखशाफ्टकडे, म्हणजे त्या विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे मिळतात, विचारा. मार्क उलटे आहेत, १.० सगळ्यात चांगला आणि ४.० ला पास. प्रोफेसरांना भेटायची वेळ ठरलेली असते, मेल करून जा, आणि तिथे "सर, काहीच कळत नाही" असं न सांगता अमुक पानावरची अमुक पायरी कळली नाही असं विचारा, फार मन लावून समजावतात. टाइमटेबलवर दहा वाजता सी.टी. लिहिलं असेल तर लेक्चर सव्वादहाला चालू होतं, एस.टी. असेल तर ठोक्याला दहा.

नोकरी

स्टुडंट व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, युनिव्हर्सिटीतलं असिस्टंटचं काम, ज्याला हिवी म्हणतात, ते यात धरत नाहीत. २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे, त्यापेक्षा कमी कोणी देऊ केलं, विशेषतः रोख आणि बिनकागदाचं, तर करू नका, मग तो आपलाच देशबांधव असला तरी. फ्रीलान्सिंगला वेगळी परवानगी लागते, भारतातल्या क्लायंटचं काम इथे बसून करणं पण त्यात येतं. मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे, की पहिल्या वर्षाचा खर्च पार्टटाइम नोकरीवर धरून येऊ नका. जर्मन नसेल तर गोडाऊन आणि डिलिव्हरी याशिवाय पटकन काही मिळत नाही, आणि रात्रपाळ्या करून आलेलं पोर सकाळी लेक्चरला झोपतं, मग एक विषय जातो, मग दुसरा. त्यापेक्षा युनिव्हर्सिटीच्या भाषा केंद्रात कोर्स घ्या, तो बऱ्याचदा फुकट किंवा अगदी स्वस्त असतो, आणि जर्मन बी-१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत गेलं की आपल्याच विषयातली वेर्कश्टुडेंटची, म्हणजे शिकता शिकता कंपनीत करायची पार्टटाइम कामं दिसायला लागतात.

तब्येत, थंडी, घरची आठवण

आजारी पडायच्या आधीच जवळचा हाउसआर्ट्झ, म्हणजे फॅमिली डॉक्टर शोधून ठेवा, बरेच जण नवीन पेशंट घेत नाहीत. रात्री-सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०. अँटिबायोटिक प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही.

नोव्हेंबरपासून दिवस लहान होत जातात, डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदललं की घराशी असलेला फरक साडेतीन तासांचा साडेचार तास होतो, म्हणजे तुम्ही जेवायला बसेपर्यंत आई झोपलेली असते. त्या काळात खोलीत एकटं बसून राहिल्याने मन फार जड होतं, हे अनेकांचं होतं, तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. दुपारी उजेड असताना अर्धा तास बाहेर चाला, युनिव्हर्सिटीचा एखादा स्पोर्ट्स कोर्स घ्या, रविवारी कोणालातरी जेवायला बोलवा. आणि दोन-तीन आठवडे झोप लागत नाहीये, उठावंसं वाटत नाहीये असं झालं तर श्टुडिरेंडनवेर्कचं समुपदेशन असतं, विद्यार्थ्यांना मोफत किंवा अगदी नाममात्र खर्चात, इंग्लिशमध्येही बऱ्याच ठिकाणी, आणि ते घरी किंवा युनिव्हर्सिटीला कळवत नाहीत. आईबाबांनाही सांगून ठेवा की रोज फोन नाही झाला तर घाबरू नका, आठवड्यातले दोन दिवस ठरवून घ्या.

शेवटचं, परमिट. भारतातून मिळालेला व्हिसा बऱ्याचदा काही महिन्यांचाच असतो, पुढचं रेसिडेन्स परमिट इथल्या आउसलेंडरबेहॉर्डंकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून घ्यायचं. तिथे अपॉइंटमेंटला महिने लागतात म्हणून आनमेल्डुंग झाली की लगेच ऑनलाइन अर्ज टाका, आणि काही झालं तरी व्हिसा संपायच्या आत टाका. अर्ज वेळेत गेलेला असेल तर निर्णय येईपर्यंत राहता येतं, त्याचा एक तात्पुरता कागद मिळतो, फिक्सियोन्सबेशायनिगुंग. हा कागद असताना मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला जायचं तिकीट काढण्याआधी त्यावर परत यायची परवानगी आहे का ते ऑफिसला लेखी विचारा, सगळ्या प्रकारांवर ती नसते. आणि पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षांच्या गडबडीत, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, पुढच्या सेमिस्टरची फी भरायची मुदत असते, रुकमेल्डुंग म्हणतात त्याला. ती ऑटोमॅटिक कापली जात नाही, आपण आठवणीने भरायची असते, चुकली तर आधी दंड लागतो आणि तरीही नाही भरली तर युनिव्हर्सिटीतून नाव कमी होतं. मेल बहुतेक युनिव्हर्सिटीच्या आयडीवरच येतो, जीमेलवर नाही, तर तो आयडी फोनमध्ये आजच जोडून घ्या.